कवितेची वहिवाट

कवितेच्या गुणदोषांचा निवाडा करण्याचे काम टीकाकार, प्राध्यापक आणि पारितोषिक-समित्या यांनी आपसांत वाटून घेतले असले, आणि त्यांच्या निर्णयांची दप्तरे ग्रंथालयांच्या कपाटांतून वर्षानुवर्षे साचत असली, तरी कोणती कविता लोकांच्या तोंडी राहणार आणि कोणती छापील पानांतच विरून जाणार, याचा फैसला त्यांच्यापैकी कोणाच्याही कचेरीत आजवर झालेला नाही. जमिनीच्या व्यवहारात कागदोपत्री मालकी एकाची असूनही प्रत्यक्ष वहिवाट दुसऱ्याचीच असू शकते आणि पुरेसा काळ लोटल्यावर त्या वहिवाटीला हक्काचे स्वरूप येते. कवितेच्या मुलखातही हाच कायदा चालू आहे. साहित्याच्या इतिहासात ज्यांच्या नावे मोठमोठी प्रकरणे लिहिली गेली, अशा कितीतरी काव्यांना आज वहिवाटदार उरलेला नाही. आणि ज्यांची दखल इतिहासकाराने दोन ओळींत घेतली, ती पद्ये मात्र शाळेच्या पटांगणात, लग्नाच्या मांडवात आणि सभेच्या समारोपात पिढ्यानुपिढ्या नांदत आली आहेत. हे असे का व्हावे, याचा मराठी कवितेपुरता शोध घेऊ लागले म्हणजे दोन गोष्टी पुन:पुन्हा समोर येतात: जी कविता म्हणण्याला काही नेमका प्रसंग लाभला आणि जी म्हणण्याला चाल लाभली, ती टिकली. निव्वळ थोरवीच्या बळावर टिकलेली कविता शोधू गेल्यास फार थोडी सापडते.

सर्वांत ठळक दाखला ज्ञानेश्वरीचाच घ्यावा. शके १२१२ मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेला हा सुमारे नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ. त्याची पारायणे आजही होतात, त्याच्यावर प्रवचने चालतात, विद्यापीठांतून प्रबंध लिहिले जातात. परंतु पारायण न केलेल्या, किंबहुना ग्रंथ उघडूनही न पाहिलेल्या मराठी माणसाला त्यातील ज्या ओव्या पाठ असतात त्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस येणाऱ्या पसायदानाच्या नऊ. उपमांच्या वैभवाच्या दृष्टीने पाहिले तर पसायदानाहून संपन्न अशी स्थळे ज्ञानेश्वरीत पानोपानी आहेत. सहाव्या आणि बाराव्या अध्यायांतील कितीतरी वेचे रसिकांनी डोक्यावर घ्यावेत असे आहेत. मग वहिवाट या नऊ ओव्यांचीच का झाली? कारण या ओव्यांत मागणारा स्वत:साठी काहीच मागत नाही. ज्या मागण्यात स्वार्थ नाही, पंथ नाही आणि कोणाचा अव्हेर नाही, ते मागणे कोणत्याही सभेला शोभते. कीर्तन संपो, शाळा सुटो, व्याख्यानमालेचा समारोप असो की सहकारी पतपेढीची वार्षिक सभा असो, सर्वांनी उठून एकत्र म्हणण्याजोगे काहीतरी समाजाला हवे असते, आणि ती गरज ज्ञानदेवांच्या या प्रार्थनेने जितकी सहज भागवली तितकी दुसऱ्या कोणत्याही रचनेने भागवली नाही.

समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांची कथा वेगळी, पण तिचे इंगित हेच. श्लोक एकंदर २०५. रामदासी भिक्षेला निघाला म्हणजे दारोदार हे श्लोक म्हणत फिरावयाचा, आणि सज्जनगडाच्या भिक्षाफेरीची परंपरा आजही बंद पडलेली नाही. पुढे ज्या घरांनी रामदासी कधी पाहिलाही नव्हता, तेथेही दिवेलागणीच्या परवच्यात, पाढ्यांच्या मागोमाग, हे श्लोक जाऊन बसले. त्यांचे वृत्त भुजंगप्रयात. चरणात बारा अक्षरे, आणि ती एक लघू व दोन गुरू अशा तीन-तीन अक्षरांच्या चार सारख्या टप्प्यांत पडलेली. मुद्दाम मोठ्याने म्हणून पाहावे: प्रत्येक टप्प्याच्या आरंभी आवाज किंचित तोलला जातो आणि लगेच दोन दीर्घ पावले टाकतो, चार टप्पे झाले की चरण पुरा होतो आणि श्वासही नेमका तेथेच संपतो. चालणाऱ्या माणसाला चालता-चालता आणि पेंगुळलेल्या मुलाला पेंगता-पेंगता म्हणता येईल इतके हे वृत्त सरळ आहे. उपदेश कडक असूनही जिभेला त्याचा भार वाटत नाही, याचे श्रेय या बांधणीला दिले पाहिजे. जेवणाच्या पंगतीत म्हणावयाचा श्लोकही समर्थांच्याच नावावर चालतो; त्याचे वृत्त मात्र मालिनी आहे.

प्रसंगाच्या आश्रयाने एकटी-दुकटी कविताच नव्हे, तर एक अखंड वृत्त कसे तगून राहते याचा नमुना पाहावयाचा असेल तर कोणत्याही मराठी लग्नाच्या मांडवात जावे. चरणात एकोणीस अक्षरे आणि बाराव्यावर यती, असे ते भारदस्त शार्दूलविक्रीडित आज कोणता कवी हौसेने हाताळतो? परंतु अंतरपाट धरला गेला, अक्षता वाटल्या गेल्या, की वधूची मावशी किंवा वराचा काका खिशातून घडी घातलेला कागद काढतो आणि दोन्ही घराण्यांची नावे गुंफलेले स्वरचित मंगलाष्टक याच वृत्तात खड्या आवाजात म्हणतो. या घरगुती कवींपैकी बहुतेकांनी छंद:शास्त्राचे एक पानही वाचलेले नसते. लहानपणापासून प्रत्येक लग्नात ऐकून ऐकून ती चाल त्यांच्या कानांत पक्की झालेली असते, आणि मात्रा चुकली तर वऱ्हाडातील आजीबाईंच्या ती ताबडतोब लक्षात येते.

आता याची उलट बाजू पाहू. बारामतीच्या मोरोपंतांची (१७२९–१७९४) एके काळची लोकप्रियता आजच्या वाचकाला सांगूनही पटणार नाही. त्यांनी आर्येत अवघे महाभारत आणले, रामायणे तर १०८ रचली असे म्हणतात. आणि शब्दांवरील त्यांचे प्रभुत्व असे की पंडितांनी माना डोलवाव्या आणि हरिदासांनी आख्यानामागून आख्याने रंगवावीत. पंतांच्या आर्येला खरा आधार होता तो या हरिदासांचा. गावोगावच्या देवळांत रात्र-रात्र कीर्तने होत होती, तोवर आर्या लोकांच्या कानांवर पडत होती. कीर्तनाची ती सत्ता ओसरली आणि तिच्याबरोबर पंतांचा हा प्रचंड पसारा ग्रंथालयात जमा झाला. तथापि त्यांच्याच ‘केकावली’तील सत्संगाचे मागणे मागणारा एक श्लोक मात्र शाळांच्या प्रार्थनेत शिरला, आणि मोरोपंत हे नाव ज्यांना ठाऊक नाही अशी मुलेही तो डोळे मिटून म्हणत आली. कवी तोच, शब्दसामर्थ्य तेच; टिकलेल्या आणि न टिकलेल्या कवितेत फरक एवढाच की एकीला सकाळी शाळा भरण्याचा प्रसंग मिळाला आणि दुसरीचा प्रसंग काळाने हिरावून नेला.

जात्यावरच्या ओवीची गत याहूनही उद्बोधक आहे. पहाटे जाते ओढता-ओढता बायकांनी माहेर, भाऊ, विठ्ठल, सासुरवास यांवर जे काव्य रचले, ते एकेका गावात शेकड्यांनी आणि सबंध महाराष्ट्रात लाखांनी मोजावे लागेल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी हिंडून जमविलेल्या ओव्यांचीच संख्या लाखावर जाते. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि म्हणण्याचे निमित्तच उरले नाही. संग्रह झाला हे मोठेच भाग्य. पण ज्या म्हाताऱ्या बायकांना त्या ओव्या येत होत्या, त्यांच्या नाती त्या फार तर ध्वनिमुद्रणातून ऐकतात. स्वत: म्हणत नाहीत.

इंग्रजी अमदानीत कवितेला जो नवा आश्रयदाता मिळाला तो म्हणजे सरकारी शाळाखाते. परशुरामपंततात्या गोडबोले यांचे ‘नवनीत’ १८५४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुक्तेश्वर, वामन, तुकाराम, मोरोपंत अशा जुन्या कवींचे वेचे एका पुस्तकात बांधले जाऊन विद्यार्थ्यांच्या हाती पडले. आजवर कविता मठातून, देवळातून किंवा माजघरातून मिळत होती; ती आता इयत्तेप्रमाणे मिळू लागली. याच तात्यांनी ‘वृत्तदर्पण’ लिहून वृत्तांचे शिक्षणही शाळेत आणले. म्हणजे वेचे निवडणारा आणि ते कसे म्हणावेत हे सांगणारा एकच गृहस्थ होता. निवड करणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, याची कल्पना यावरून यावी. पुढे अत्र्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने हीच सत्ता रसिकतेने वापरली, आणि १९६७ साली स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाकडे, म्हणजे बालभारतीकडे, ती रीतसर गेली. एखादी कविता क्रमिक पुस्तकात शिरली म्हणजे ती एका वर्षात लक्षावधी मुलांच्या दप्तरात जाते. कोणत्याही काव्यसंग्रहाच्या नशिबी एवढा खप कधी आलेला नाही.

या सत्तेचे कार्य वर्गात कसे चालते तेही जवळून पाहण्यासारखे आहे. बाई अर्धा चरण म्हणतात, वर्ग तो उचलतो. बाई उरलेला अर्धा म्हणतात, वर्ग पुन्हा उचलतो. शेवटचे अक्षर सगळी मुले मिळून भरपूर लांबवितात, कारण तेथे आवाज मोकळा सोडण्याची परवानगी असते. ज्याला येत नाही तो दुसऱ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळून वेळ मारून नेतो आणि आठवड्याभरात, स्वत:च्याही नकळत, त्याला ती पाठ होते. या क्रियेत अर्थाचे प्रयोजन जवळजवळ नसते. शिक्षणशास्त्राने या घोकंपट्टीवर टीकेची झोड उठविली आणि ती बऱ्याच अंशी रास्तही होती. पण कवितेपुरते सांगावयाचे तर अर्थाच्या आधी शब्द पदरात पडणे हा तोटा नसून दीर्घ मुदतीची ठेव आहे. दहाव्या वर्षी पाठ झालेल्या ओळीचा अर्थ चाळिसाव्या वर्षी, एखाद्या मरणाच्या किंवा वियोगाच्या वेळी, अवचित उलगडतो. पाठच नसती तर तो उलगडण्यास जागाच नव्हती. जुन्या क्रमिक पुस्तकांतील पद्ये वेचून काढलेले ‘आठवणीतल्या कविता’ हे चार भाग प्रौढ वाचकांनी एवढ्या प्रेमाने जवळ केले, त्याचे मर्म यातच आहे.

आधुनिक मराठी कवितेच्या दोन आद्य मानकऱ्यांचा विचार केला तर वहिवाट जडण्यास किती वेळ लागतो हेही ध्यानी येते. मालगुंडच्या केशवसुतांनी ‘तुतारी’ १८९३ मध्ये लिहिली. १९०५ साली हुबळीला प्लेगने त्यांचे देहावसान झाले तोपर्यंत त्यांचा एकही संग्रह निघालेला नव्हता. नियतकालिकांच्या पानांत विखुरलेली ती कविता हरिभाऊ आपट्यांनी पुढे ग्रंथरूपाने आणली, आणि मगच नव्या पिढीने तिला आपल्या बंडाचे निशाण केले. बालकवी ठोंबरे धरणगावचे. १९०७ साली जळगावास भरलेल्या कविसंमेलनात त्या कोवळ्या मुलाची कविता ऐकून कर्नल डॉक्टर कीर्तिकरांनी त्यांना ‘बालकवी’ ही पदवी दिली. कवितेलाच वाहिलेले ‘काव्यरत्नावली’ हे मासिकही १८८७ पासून नाना फडणिसांच्या संपादकत्वाखाली याच जळगावाहून निघत होते. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस. त्यांची ‘औदुंबर’ ही कविता आठच ओळींची आहे. त्या आठ ओळींत नुसते निसर्गचित्र आहे की खोल उदासीनता, यावर पंडितांनी जितकी पाने लिहिली तितकी कित्येकांच्या समग्र ग्रंथांवरही कोणी लिहिली नसतील. शाळकरी मुलाला या वादाची गंधवार्ता नसते. त्याला झरा दिसतो, गाव दिसतो, पायवाट दिसते, पाण्यात पाय सोडून बसलेले झाड दिसते, आणि तेवढ्यावर त्याचे समाधान होते. पंडित आणि बालक या दोघांनाही आपापल्या परीने पुरे पडणे ही टिकाऊ कवितेची आणखी एक खूण मानावयास हरकत नाही.

शाळेखालोखाल उपकार चालीचे. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले आणि यशवंत, गिरीश प्रभृतींनी काव्यगायनाचे फड गाजविले. गोड गळ्याआड कवितेचे वैगुण्य झाकले जाते असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता. परंतु ज्यांनी कधी काव्यसंग्रह विकत घेतला नसता अशा हजारो श्रोत्यांपर्यंत कविता गेली ती याच मार्गाने. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे १९४१ मध्ये निवर्तले; त्यांची कविता गेयच होती, पण वसंत प्रभूंच्या चाली आणि लता मंगेशकरांचा स्वर मिळाल्यावर ती ज्या घरांत पोहोचली तेथे तिच्या कवीचे नाव विचारण्याची पुष्कळदा कोणास आठवणही राहिली नाही. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीने माडगूळकर-फडके यांचे ‘गीतरामायण’ आठवड्याला एक या क्रमाने वर्षभर प्रक्षेपित केले. छप्पन गीतांच्या त्या मालिकेसाठी लोक घड्याळ लावून बसत, कित्येक घरी रेडिओला हार घातला जाई, असे त्या काळचे लोक सांगतात. पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या त्रयीने चालीचाही आधार सोडला आणि नुसत्या वाचनाने सभागृहे भरविली, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मर्ढेकरांची आणि गोव्याच्या बा. भ. बोरकरांची कविता रंगमंचावर आणून ते वाचनही किती उंचीला जाऊ शकते हे दाखविले.

तोंडून कागदावर आणि कागदावरून पुन्हा तोंडी, असा पुरा फेरा ज्यांच्या कवितेने केला त्या म्हणजे असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. अक्षर-ओळख नसलेल्या या शेतकरी बाईंनी कामाच्या ओघात जी गाणी रचली ती घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून वाचली. १९५१ मध्ये त्या गेल्या. मुलगा सोपानदेव यांनी ती वही अत्र्यांपुढे ठेवली, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटाने त्यांतील काही गाण्यांना वसंत पवारांच्या चाली दिल्या आणि ती पुन्हा बायकांच्या ओठी गेली. हजारो ओव्या जात्याबरोबर गेल्या आणि या तेवढ्या राहिल्या, कारण त्यांना ऐन वेळी लेखणी मिळाली, शाळा मिळाली आणि चालही मिळाली. ज्या बाईंना सही करता येत नव्हती त्यांचे नाव २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला देण्यात आले.

वहिवाट आधी आणि सनद मागाहून, हा क्रम ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ या गीताच्या बाबतीत तर शब्दश: घडला. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा आवाज घेऊन हे गीत महाराष्ट्राच्या स्थापनेच्या काळात घुमले. राज्यगीत म्हणून त्याच्यावर शासनाचा शिक्का २०२३ मध्ये उमटला. मधली साठ वर्षे लोकांनी शासनाच्या हुकमाची वाट पाहिली नाही.

लोकप्रियतेची एक खोडकर कसोटीही आहे, ती विडंबनाची. मूळ कविता श्रोत्याला तोंडपाठ नसेल तर विडंबनाला हसू येणे शक्य नाही. केशवकुमार या नावाने अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ लिहून तत्कालीन कवींच्या लकबींची जी रेवडी उडविली, तिने त्या कवींची बदनामी झाली असे वरवर दिसते. वास्तविक ते पुस्तक म्हणजे त्या काळी कोणाकोणाच्या कविता लोकांच्या कानांत ताज्या होत्या याची विश्वसनीय यादीच होय.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजू मांडणे प्राप्त आहे. लोकप्रियता ही गुणवत्तेची हमी नव्हे, आणि लोकप्रिय कविता पुष्कळदा स्वत:च्याच कवीवर अन्याय करते. ‘विशाखा’पासून अर्धशतकाहून अधिक काळ लिहीत राहिलेले, १९८७ च्या ज्ञानपीठाचे मानकरी कुसुमाग्रज आज असंख्य लोकांना एकट्या ‘कणा’ या कवितेपुरते ठाऊक असतात. पुराने घर उद्ध्वस्त झालेल्या विद्यार्थ्याची ती कविता थोर आहेच, परंतु तिच्या सावलीत कवीचा बाकीचा संसार झाकून जावा हे बरे नव्हे. उलटपक्षी मर्ढेकरांच्या ‘काही कविता’वर १९४७ नंतर अश्लीलतेचा खटला चालला, दुर्बोधतेचा आरोप तर कायमचा चिकटला, खटल्यातून निर्दोष सुटलेला हा कवी पुढील पिढ्यांच्या कवींचा आधार ठरला, तरी त्यांची कविता समुदायाने म्हणण्याची नव्हे, एकट्याने वाचण्याची राहिली. एकट्याने वाचण्याची कविता ही काही खालच्या पायरीची नव्हे. तिचा वहिवाटदार एकेक असतो आणि प्रत्येकाला तिच्यापर्यंतची वाट स्वत: पाडावी लागते, इतकेच.

आजच्या काळाविषयी रडगाणे गाण्याचे कारण दिसत नाही. व्हॉट्सॅपवर दर २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, जितक्या मराठी कविता फिरतात तितक्या ‘काव्यरत्नावली’च्या संपादकांनी स्वप्नातही पाहिल्या नसतील. काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची. कुणाचीही सुमार पद्यरचना विंदांच्या, कुसुमाग्रजांच्या किंवा पुलंच्या नावावर खपविली जाते आणि खऱ्या कवितांचे शब्द पाठविणाऱ्यागणिक बदलत जातात. मौखिक परंपरेतही पाठभेद होत होते, पण तेथे चुकले तर कान पिळणारे कोणीतरी समोर बसलेले असे. शिवाय पुढे ढकललेली कविता ही म्हटलेली कविता नव्हे. बोटाने सरकविलेल्या ओळी डोळ्यांवरून जातात. कंठात उतरत नाहीत, आणि जी कंठात उतरली नाही तिच्यावर उद्या कोणाचीही वहिवाट सांगता येणार नाही.

वहिवाटीचा कायदा असा आहे की ती मोडली तर हक्क जातो. म्हणून या दिवाळीत घरी चार माणसे जमतील तेव्हा, फराळाची ताटे बाजूला झाल्यावर, ज्याला जी कविता पाठ असेल त्याने ती मोठ्याने म्हणावी, चाल येत असेल तर चालीवर म्हणावी, कवीचे नाव आवर्जून सांगावे, आणि घरातील लहानांकडून निदान एक कडवे म्हणवून घ्यावे. शब्दांविषयी शंका आली तर पुस्तक काढून पाहावे. याला खर्च नाही, अर्ज नाही, कोणाची परवानगी नाही. आणि ज्ञानदेवांपासून बहिणाबाईंपर्यंतची आपली सारी पाठ कविता आपल्यापर्यंत आली आहे ती कोणीतरी कोणाला तरी असेच समोर बसवून म्हणावयास लावले म्हणून.